साष्टीच्या पाठीमागचं पाणी

लक्झेंबर्ग हा देश बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनी यांच्यामध्ये बसलेला आहे. क्षेत्रफळ 2586 चौरस किलोमीटर. 2014 मध्ये पालघर वेगळा निघाल्यावर उरलेला आपला ठाणे जिल्हा 4214 चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे त्या देशाच्या दीडपटीहून मोठा. तरी लक्झेंबर्गची सहल करून आलेला माणूस तिथला उत्तरेचा डोंगराळ प्रदेश, दक्षिणेची सुपीक जमीन आणि जर्मनीच्या सीमेवरून वाहणारी मोझेल नदी यांची माहिती घडाघडा सांगतो. त्याच माणसाला विचारा, उल्हास नदी समुद्राला कुठे मिळते? कल्याणला रोज लोकलमधून नदी ओलांडत असला तरी तो अडखळतो. ठाण्यातून मुंबईला जाताना आपण एका बेटावरून प्रवास करतो, हेही पुष्कळांच्या गावी नसतं.

हे बेट म्हणजे साष्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी. या दोन खाड्यांना जोडणारा पाण्याचा पट्टा बेटाच्या ईशान्य कडेने जातो आणि त्याच्या काठावर कोलशेत आहे. ठाणे शहराची ही पाठीमागची बाजू. कापूरबावडीचा गोंधळ मागे टाकून कोलशेत रोडला लागलं की आधी जुन्या कारखान्यांच्या जागांवर उठलेले टॉवर लागतात. एके काळी हा रस्ता सँडोझ आणि बायरसारख्या रसायन कारखान्यांचा होता. पुढे हवाई दलाच्या हद्दीची भिंत, मग मूळ गाव: आगरी-कोळ्यांची घरं, देऊळ, दारात वाळत घातलेली जाळी. आणि रस्ता संपतो तिथे रेतीबंदर.

रेतीबंदरावर उभं राहिलं की पहिल्यांदा दिशांचा घोळ होतो. नदी समुद्राकडे वाहते आणि समुद्र पश्चिमेला, ही आपली शाळेतली समजूत. इथे समुद्र पाठीमागे, येऊरच्या डोंगरापलीकडे राहतो आणि पाणी उत्तरेकडे चाललेलं असतं. समोर, पूर्वेला, भिवंडी तालुक्यातलं काल्हेर. म्हणजे सूर्य पाण्यावर उगवतो. मुंबईकराने जन्मभर पाण्यावर फक्त सूर्यास्त पाहिलेला असतो, त्याने या एका कारणासाठी तरी इथे यावं.

पाणी असं वळसा घालून का जातं, त्याचं उत्तर डोंगरात आहे. राजमाचीच्या परिसरात, बोरघाटाच्या डोक्यावर उगम पावलेली उल्हास कर्जत, बदलापूर करत सुमारे 122 किलोमीटरचा प्रवास करते. बारवी तिला मिळते, भातसेचं पाणी घेऊन आलेली काळू कल्याणच्या परिसरात मिळते. तोवर ती शहाण्यासारखी वायव्येला आणि पश्चिमेला चाललेली असते. कल्याण-डोंबिवली ओलांडून ती मुंब्र्याला येते आणि डावीकडे पारसिकचा डोंगर उभा राहतो. त्याच्या टोकाला वळसा घालून कळव्याशी पोचते, तर समोर येऊर. दोन्ही डोंगर काळ्या कातळाचे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. सह्याद्रीत या कातळाचे थर जवळजवळ आडवे रचलेले दिसतात. पनवेलपासून उत्तरेला गेलेल्या एका पट्ट्यात मात्र ते पश्चिमेकडे कललेले आहेत. भूवैज्ञानिक त्याला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. स्लो लोकलने मुंब्र्याहून कळव्याकडे येताना एका हाताला डोंगराचा कापलेला कातळ आणि दुसऱ्या हाताला खाडी, ही जागा त्याच पट्ट्यातली. 1916 मध्ये पारसिकचा 1.3 किलोमीटरचा बोगदा झाला आणि फास्ट गाड्या डोंगराच्या पोटातून जाऊ लागल्या, त्यामुळे 2022 पर्यंत निम्म्या प्रवाशांचा हा भूगोल हुकत असे.

कळव्याजवळ पाण्याला फाटा फुटतो. एक बारीक, उथळ, गाळाने भरत आलेला फाटा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत उतरतो. मोठं पाणी उत्तरेला वळतं. काशेळी, बाळकूम, कोलशेत, काल्हेर करत नागला बंदर आणि गायमुखापर्यंत येतं, तिथे पश्चिमेला वळून घोडबंदरवरून वसई-भाईंदरच्या मधून समुद्रात जातं. येऊरचा डोंगर आणि पाणी यांच्या मध्ये जी चिंचोळी जमीन उरते, तिच्यावर घोडबंदर रोड आणि त्याच्या दोन्ही अंगांनी लाखोंची वस्ती. डोंगरावरून उतरणारे सगळे ओढे या पट्टीला आडवे छेदून खाडीला मिळतात. पुढच्या मजकुराची किल्ली या ओढ्यांत आहे.

बंदरावरच्या एका काकांकडून होडी ठरवली तेव्हा भरती लागलेली होती. काकांनी पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “आता नको, दादा. पाणी चढतंय. उतारावर निघू, खाली जायला सोपं.” वेळ होता म्हणून काठावरच थांबलो. पाण्यावरून जलपर्णीचे पुंजके येत होते, डावीकडून उजवीकडे, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेला, कल्याणच्या दिशेने. नदी उलटी वाहत होती. ही वनस्पती गोड्या पाण्याची. कल्याणच्या वर मोहन्याकडे नदी तिने झाकून जाते. ओहोटीबरोबर ती खाली येते, भरतीबरोबर परत वर जाते. या येरझारांत खारं पाणी तिची पानं करपवतं. काठाशी आलेला एक पुंजका काठीने ओढून पाहिला. मुळं अजून तजेलदार, पानांच्या कडा मात्र तपकिरी, कुरकुरीत. गोडं पाणी संपून खारं कुठे सुरू होतं, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

भरतीचं गणितही कागदाशिवाय चालतं. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे मुंबईच्या समुद्रावर साधारण तीनला भरती पूर्ण. अष्टमीला सहाला. कोलशेतला त्याहून उशीर, कारण वसईच्या मुखातून आत शिरलेलं पाणी एवढा वळसा घालून इथवर यायचं असतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं. ठाण्याच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांना अॅपवर पाऊस दिसतो, तिथी दिसत नाही. आषाढ-श्रावणात मात्र ती पाहिलेली बरी.

पाणी फिरलं आणि काठाचा चिखल उघडा पडू लागला. तिवराच्या झाडांखाली चिखलातून पेन्सिलीएवढी श्वासमुळं हजारोंनी वर आलेली असतात. चिखलात हवा नसते, म्हणून मुळं हवेत. त्यांच्यामधून निवट्या उड्या मारत होत्या. मासा असून चिखलावर चालणारा हा प्राणी, डोळे डोक्यावर, आणि सावली पडली की बिळात. कोलशेत-बाळकूमच्या घरांत निवट्यांचं कालवण अजून होतं. चिंबोऱ्या, बोय, कोळंबी, नशीब असेल तर जिताडा. पण काका म्हणाले, “पूर्वी पाग एकदा टाकला की घरचं भागायचं. आता पाच वेळा टाकायचा, त्यात दोनदा पिशव्या.” होडीच्या टोकावर उभं राहून त्यांनी पाग फेकून दाखवला. कोपरात, दातांत आणि हातात जाळं विभागून धरलेलं, कमरेतून एक हिसडा, आणि जाळं हवेत पूर्ण गोल उघडून पाण्यावर पडलं. वर आल्या त्या दोन बोटभर बोया आणि गुटख्याची पाकिटं.

रेतीबंदर हे नाव रेतीमुळे पडलं, आणि रेती आणली डुबीवाल्यांनी. होडीच्या कडेला तळापर्यंत रोवलेल्या बांबूच्या आधाराने माणूस बादली घेऊन खाली जायचा, श्वास रोखून रेती भरायचा, वरचे दोघे बादली ओढायचे. सरकारी कागदांतही या पद्धतीचं नाव ‘हातपाटी-डुबी’ असंच आहे. मुंबई-ठाण्याच्या कितीतरी इमारतींच्या पिलरमध्ये अशी श्वास रोखून आणलेली रेती आहे. मग सक्शन पंप आले. डुबीवाला दिवसभरात जे काढी, ते पंप घटकाभरात काढू लागला आणि तळ, काठ, तिवरं सगळंच खचायला लागलं. न्यायालयाच्या आणि सरकारच्या बंधनांनंतर हा धंदा बसला, चोरून चालतो ती गोष्ट वेगळी. आता रेतीबंदर ठाणेकरांना ठाऊक आहे ते गणेश विसर्जनाचा घाट म्हणून.

होडी सुटली. उजव्या हाताला काल्हेर, पुढे खारबावकडचा सपाट प्रदेश. या सपाटीकडे नीट पाहायला हवं, कारण ती निसर्गाने केलेली नाही. भरतीचं पाणी शिरणारी खाजण जमीन मातीचे बांध घालून अडवायची, पावसाच्या गोड्या पाण्याने काही वर्षं तिचं मीठ धुऊन काढायचं आणि मग तिथे राता किंवा त्यासारखा खारं सोसणारा भात लावायचा: खाडीकाठच्या कोकणात पिढ्यान्पिढ्या हेच झालं. या बांधात जागोजागी ‘उघडी’ असते. उघडी म्हणजे एका अंगाने उघडणारं दार. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की ते मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ढकललं की उघडतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. बांध फुटून खांड पडली तर मात्र सगळा गाव टोपल्या घेऊन धावायचा, कारण एकदा खारं पाणी शिरलं की दोन-तीन हंगाम गेलेच.

हॉलंडचं नाव या विद्येसाठी जगभर घेतात आणि ते रास्तच आहे. तिथे बांधांची देखभाल करणारी स्थानिक जलमंडळं तेराव्या शतकापासून आहेत. 1932 मध्ये डचांनी 32 किलोमीटरचा बांध घालून समुद्राचं एक आखातच गोड्या पाण्याचं तळं करून टाकलं. 1953 च्या फेब्रुवारीत उत्तर समुद्राचं उधाण बांध फोडून आत शिरलं, 1836 माणसं गेली, आणि त्यानंतर त्या देशाने मुखांवर महाकाय दारं उभारली. पण त्यांच्या आणि आपल्या भूगोलात एक मोठा फरक आहे. डच जमीन समुद्रसपाटीच्या खाली, तिथलं पाणी पवनचक्कीने, पुढे पंपाने, सतत उपसावं लागतं. आपली खाजणं ओहोटीच्या पातळीच्या वर आहेत, त्यामुळे दिवसातून दोनदा ओहोटी फुकट उपसा करते. उलट त्यांना न भेडसावणारी गोष्ट आपल्याकडे आहे: चार महिन्यांत कोसळणारा सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस. उधाणाच्या भरतीला उघडी मिटलेली, त्याच वेळी येऊरवर ढग फुटलेले, तर डोंगरातून आलेलं पाणी सहा तास थांबणार कुठे? ते खाजणात थांबायचं. भाताची खाचरं, तिवरांची दलदल, मिठागरं ही त्या पाण्याची थांबायची जागा होती.

1948 साली मुंबई राज्याने खार जमिनींचा कायदा केला, 1979 मध्ये महाराष्ट्राने खारभूमी विकासाचा नवा कायदा केला. दोन्हींचा रोख बांध राखून शेती वाढवण्यावर. ठाण्याच्या या काठावर शेतीच उरली नाही, तेव्हा बांध आणि उघड्यांचा वाली कोण? काठाने जाताना दिसतं ते असं: तिवरांच्या मागे डेब्रिजचा ढीग, ढिगावर सपाटी, सपाटीवर पत्र्याचं कुंपण. 2005 मध्ये उच्च न्यायालयाने कांदळवनं तोडायला आणि त्यांत भराव टाकायला मनाई केली, 2012 पासून वन खात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे, 2020 मध्ये पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मानही मिळाला. तरी रात्रीचा डंपर यायचा तो येतो. घोडबंदर रोडवर पाणी तुंबलं की आपण नालेसफाईच्या नावाने बोटं मोडतो. माझ्या मते नाला साफ असूनही ते तुंबेल, कारण नाल्याच्या टोकाची थांबायची जागा आपण भरून टाकली आहे. डोंगर हलणार नाही, भरती चुकणार नाही. मधली पट्टी तेवढी आपल्या हातात होती.

नागला बंदराच्या पुढे दृश्य एकदम पालटतं. दोन्ही तीरांवर जंगल. डावीकडे येऊरची उतरण पाण्यापर्यंत येते. उजवीकडे, खाडीपलीकडे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच नागला विभाग आहे. राष्ट्रीय उद्यान म्हणजे बोरिवली, असं मानणाऱ्यांना त्याचा एक तुकडा खाडीच्या पलीकडे आहे हे ऐकून नवल वाटतं. इथे पाणी रुंद आणि खोल होतं, वारा समोरून लागतो. गायमुखाच्या वळणावर होडी फिरवली. पुढचा रस्ता पाण्याने मोठा आहे: घोडबंदरचा पोर्तुगीज किल्ला, वरसोवा पूल, मग नायगाव-भाईंदरच्या रेल्वेपुलांमधलं पाणजू बेट, आणि शेवटी उजवीकडे वसईचा किल्ला. तो एका दिवसाचा वेगळा प्रवास आहे.

परतताना ओहोटीच्या उलट जायचं होतं, इंजिन कुंथत होतं, आणि इतिहास आठवायला भरपूर वेळ होता. मोझेलचं पाणी आज लक्झेंबर्ग आणि जर्मनी या दोन्ही देशांच्या सामाईक मालकीचं आहे. तिथल्या शेंगेन गावाजवळ 1985 मध्ये नदीतल्या एका बोटीवर बसूनच युरोपातल्या सीमा खुल्या करण्याचा करार झाला. आपली ही नदीही सीमा होती, पण सामाईक नव्हती. 1534 पासून साष्टी पोर्तुगीजांकडे, पूर्वेला कल्याण-भिवंडीचा प्रांत. कल्याण हे त्याहून फार जुनं बंदर. कान्हेरीच्या शिलालेखांत तिथल्या दानशूर व्यापाऱ्यांची नावं आहेत, आणि पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवलंय की कल्याणला चुकून आलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेतात. 1657 च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि दुर्गाडीच्या काठी स्वराज्याची पहिली जहाजं बांधायला घेतली. नकाशा समोर ठेवून पाहा: कल्याणहून समुद्रावर जायला दोनच वाटा. दक्षिणेची ठाण्याच्या खाडीतून, उत्तरेची कोलशेतवरून वसईला. दोन्हींच्या तोंडावर पोर्तुगीज बसलेले. नौदल बांधायला घेणाऱ्याला सिद्दीच्या आधी हा पाण्याचा अडसर दिसला असणार. तो फिटायला 1737 उजाडलं. त्या वर्षी चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ठाणं आणि साष्टी मराठ्यांकडे आली, दोन वर्षांनी वसई. 1774 च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला. 1853 मध्ये बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी आली आणि पुढच्याच वर्षी रेल्वेने खाडी ओलांडून कल्याण गाठलं. बंदरांचे दिवस तिथे संपले.

नदी मात्र आपलं अस्तित्व मधूनमधून दाखवते. 2005 च्या 26 जुलैला बदलापूर-कल्याणने ते पाहिलं. 2019 मध्ये 27 जुलैला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हासच्या पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. बाकी वर्षभर तिच्यावर चालतं ते वेगळंच. अंबरनाथ-उल्हासनगरची घाण घेऊन वालधुनी तिला मिळते, आणि त्याच नदीच्या वरच्या अंगाला अनेक शहरांची पिण्याच्या पाण्याची उचल आहे. कोलशेतला येणारं पाणी हा सगळा हिशोब घेऊन आलेलं असतं. काकांनी पाग धुताना हात हुंगून दाखवला, बोलले काही नाहीत.

आता पुन्हा जलवाहतुकीची भाषा सुरू आहे. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात कल्याण-ठाणे-मुंबई हा 145 किलोमीटरचा जलमार्ग क्रमांक 53 म्हणून घेतला आहे. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली, मीरा-भाईंदर इथल्या जेट्टी पहिल्या टप्प्यात धरल्या गेल्या. वसई-भाईंदर रो-रो 2024 च्या फेब्रुवारीत सुरूही झाली. मोझेलही अशी आपोआप वाहतुकीची नदी झालेली नाही. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग यांनी 1956 मध्ये करार करून ती खोल केली, दारं बसवली, आणि 1964 पासून तिच्यावर मोठ्या बार्जेस चालू लागल्या. आपल्याकडे जेट्टी बांधून फीत कापली जाते, गाळाचं मात्र पुढच्या वर्षी पाहू म्हणतात. भरतीबरोबर आत येणारा आणि पावसाबरोबर वरून येणारा गाळ इथे दर वर्षी साचणार, त्याचा उपसा वेळापत्रकात नसेल तर बोट भरतीलाच चालेल आणि प्रवासी घोडबंदर रोडलाच राहतील. तरी जलमार्ग व्हावा असं मला वाटतं. ऑफिसला जाताना रोज खाडी पाहणाऱ्या माणसाला तिच्यात पडणारा डंपर सहन होणार नाही.

जायचं असेल तर ठाणे स्टेशनच्या पश्चिमेकडून कोलशेतला परिवहनच्या बस आहेत. कार्तिक ते फाल्गुन हे महिने बरे. पौर्णिमा किंवा अमावास्या झाल्यावर द्वितीया-तृतीयेची सकाळ धरा, आठ-नऊच्या सुमारास मोठी ओहोटी मिळेल, चिखल आणि निवट्या दोन्ही दिसतील. होडीवाल्याशी भाडं आधी ठरवा, लाइफ जॅकेट मागून घ्या, आणि परतीला भरती लागेल अशी वेळ त्यालाच विचारा, म्हणजे डिझेल वाचेल. चिखलात उतरू नका. तो दिसतो त्यापेक्षा खोल आहे.